कळलावीच्या रसाने शेवंती निळी होत नाही

'कळलावीचा कंद किसून रस काढा, शेवंतीच्या शेंड्याला आठ दिवस लावा, निळी फुलं येतील. टिश्यू कल्चरवाले हीच युक्ती दडवतात. त्यांची रोपं मात्र घेऊ नका, सगळी केमिकलने बदललेली असतात, हात लावला तरी कॅन्सर!' बागकामाच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज वाचून आमच्या काकू कंद किसायला बसल्या, म्हणून हा खटाटोप. युक्ती चांगली आणि त्याच युक्तीची रोपं वाईट, हे कसं, ते मेसेज लिहिणाराच जाणे. (टिश्यू कल्चर म्हणजे झाडाच्या लहानशा तुकड्यापासून प्रयोगशाळेत रोपं वाढवणं.)

आधी ती किसणी बाजूला ठेवा. कळलावीत कॉल्चिसिन असतं. गाऊटवर, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या एका दुखण्यावर, डॉक्टर त्याची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी देतात. चार दिवसांत मिळून ७ मिलिग्रॅम पोटात गेल्यावरही मृत्यू झाल्याचं या औषधाच्या अमेरिकेतल्या अधिकृत माहितीपत्रकात नमूद आहे. कंदात ते किती, हे कंदागणिक वेगळं. काही तासांनी उलट्या-जुलाब, मग एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं आणि रक्तपेशींवर घाला. उद्या त्याच किसणीवर गाजर किसणार?

बरं, एवढा जीव धोक्यात घालून रंगही बदलत नाही. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे धागे कॉल्चिसिन तयार होऊ देत नाही, त्यामुळे एकाच पेशीत गुणसूत्रं दुप्पट होतात. जमलंच तर पानं जाड, फूल मोठं, वाढ मंद. शेंड्यावर नुसतं चोपडलं तर काही पेशी दुप्पट, बाकी जुन्याच. आणि जुन्या भराभर वाढून पुढे निघून जातात.

रंगासाठी प्रयोगशाळेत वापरतात ते ईएमएस, म्हणजे इथाइल मिथेनसल्फोनेट हे जनुकांत बदल घडवणारं रसायन. ते डीएनएतल्या ग्वानिन या घटकाला चिकटतं, पुढच्या नकलेत जोडी चुकते. कुठल्या जनुकात चुकेल, हे कुणाच्याच हातात नसतं. ब्राझीलमधला २००४ सालचा प्रयोग बघा. गुलाबी 'इंग्रिड' शेवंतीच्या कोवळ्या फुलदेठांचे तुकडे ०.७७ टक्के ईएमएसमध्ये पावणेदोन तास ठेवले. पुढे ९१० झाडं तपासली, त्यांपैकी ४८ झाडांचा रंग बदलला: पांढरा, पिवळा, फिकट गुलाबी, ब्राँझ. निळं एकही नाही. मात्रा वाढवली की तुकडे काळे पडून मरतात. तयार शेंडा बुडवला तर त्याचा एखादाच थर बदलतो आणि पुढे फुटव्यांत रंग हरवतो, म्हणून कोंब नव्याने फुटेल असा तुकडा घेतात.

निळ्या रंगद्रव्याकडे नेणारं एन्झाइमच शेवंतीत नाही. आहे त्या जनुकात खोट काढून नसलेलं एन्झाइम कुठून येणार? जपानी शास्त्रज्ञांनी २०१७ साली खरी निळी शेवंती दाखवली, ती कँटरबरी बेल हे फुलझाड आणि आपली गोकर्ण यांचं एकेक जनुक घालून.

'सगळी रोपं बदललेली', हे तर उलटंच. जरबेऱ्याची लाखभर रोपं एकसारखी निघावीत म्हणूनच टिश्यू कल्चर करतात. इतकं मान्य, की कुठलंही ईएमएस न वापरताही त्यात अधूनमधून वेगळी रोपं निघतात; बीएपी (कोंब फुटवण्यासाठी घालतात ते संप्रेरक) जास्त झालं किंवा एकाच तुकड्यापासून पुन्हा पुन्हा कोंब काढत फार फेऱ्या घेतल्या की जास्तच.

आणि कॅन्सर? ईएमएसची बाटली हाताळणाऱ्याला धोका खराच. म्हणून उरलेलं द्रावण सोडियम थायोसल्फेटने निकामी करूनच टाकतात. पण पाण्यात ३० अंशांवर ते साधारण २६ तासांत निम्मं होतं. धुतलेल्या तुकड्यापासून महिन्यांनी वाढलेल्या रोपात ते कुठून उरणार?

काकू, उरलेला कंद कुंडीत लावा, पावसाळ्यात लाल-पिवळी फुलं येतील. किसणी मात्र टाकून द्या.