बांगडो ऑनलाइन

भाच्याचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी जेवत होतो आणि पानात सलग चौथ्या दिवशी सुक्या सुंगटांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, किसमूर होती, कारण जुलै महिना, 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत गोव्यात ट्रॉलर बंद, बाजारात ताजं म्हणून जे काय बर्फात निजवलेलं असतं त्याचा भाव ऐकून माणूस गपचूप घरी येतो आणि पुरमेंताचा, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या जिनसांचा, डबा उघडतो. भाचा म्हणाला, "मामा, शुक्रवारपासून एका ऑनलाइन गेमचा ओपन बीटा आहे, तू पण ये, फुकट आहे." फुकट म्हटल्यावर मी पुढचं काही विचारलंच नाही.

बायकोने विचारलं बीटा म्हणजे काय. मी म्हटलं रंगीत तालीम. हे तिला लगेच कळलं, कारण आमच्या फोंडा तालुक्यात जत्रेच्या नाटकाची रंगीत तालीम न पाहिलेलं माणूस सापडणं कठीण, आणि मी तर गेली सतरा वर्षं आमच्या देवळाच्या नाटकाचा प्रॉम्प्टर आहे. आधी अल्फा, म्हणजे घरातल्या घरात वाचन. मग क्लोज्ड बीटा, म्हणजे ओळखीची चार माणसं बोलावून. मग ओपन बीटा, म्हणजे देवळाचं दार उघडं, या सगळ्यांनी आणि बघा मिशी कोणाची सुटते. फरक एवढाच की आमच्या तालमीला चहा आणि उसळ असते.

गेमचं नाव सांगत नाही, बिचाऱ्यांची तालीमच होती. जादू, ड्रॅगन, किल्ले, कान टोकदार असलेली गोरी माणसं, आणि एकाच जगात हजारो खेळणारे एकदम. सुरुवात शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला. डाउनलोड 68 जीबी. आमच्या वाड्यावर इंटरनेटची तार विजेच्या खांबावरून, तिथून फणसाच्या झाडावरून आणि तिथून शेजाऱ्याच्या न्हाणीच्या पत्र्यावरून येते, त्यामुळे बुधवारी रात्री लावलेलं डाउनलोड शुक्रवारी दुपारी संपलं, मध्ये दोनदा लाईट गेली ते धरून. मी बँकेतून अर्धी रजा टाकून घरी आलो. रजेच्या अर्जात कारण लिहिलं 'घरगुती'.

साडेपाचला बटण दाबलं तर पडद्यावर एक सुंदर किल्ला, मागे सनईसारखं काहीतरी गंभीर वाजतंय, आणि खाली बारीक अक्षरात : रांगेत तुमचा क्रमांक 11,482.

आता रांगेची मला सवय आहे. चोडणच्या फेरीबोटीसाठी रायबंदरला मी आयुष्यातले किती तास उभा राहिलोय देव जाणे, पण तिथे निदान समोर मांडवी दिसते, बाजूच्याशी सरकारबद्दल बोलता येतं, आणि कोणी मध्ये गाडी घुसवली तर ओरडता येतं. इथे ओरडायचं कोणावर? आकडा हळूहळू उतरत होता. 9,000 ला मी चहा केला. 6,300 ला आईला डोळ्यात थेंब घातले. 2,000 च्या खाली आल्यावर माझी छाती उगाच धडधडायला लागली, बायकोला हाक मारली, ती पण येऊन उभी राहिली, 800, 500, 214, आणि लाईट गेली.

काळोखात बायको एवढंच म्हणाली, "जेवून घ्या."

नंतर इन्व्हर्टरवर राउटर लावला, पण परत पहिल्यापासून. रात्री पावणेबाराला आत गेलो. आत गेल्यावर कळलं की आत अजून गेलोच नाहीये, आधी स्वतःला बनवायचंय. एल्फ, बुटका, दैत्य, अर्धा बैल अशा जाती, आणि चेहऱ्यासाठी इतक्या सरकपट्ट्या की मोजायचं सोडून दिलं. गालाच्या हाडाची उंची वेगळी, रुंदी वेगळी. नाकपुडीला स्वतंत्र पट्टी. देवाने मला घडवताना एवढा वेळ घेतला नसणार. दीड तास खपून मी एक रुबाबदार योद्धा तयार केला, बायकोला दाखवला, ती म्हणाली हा आपल्या वॉर्डचा माजी पंच ना? आणि खरंच, तोच. पुसला आणि तयार मिळणारा तिसऱ्या नंबरचा चेहरा घेतला.

मग नाव. ज्याने बाण मारून समुद्र हटवला आणि ही भूमी वर काढली त्याचंच नाव घ्यावं म्हणून 'परशुराम' टाकलं. घेतलेलं आहे. पुढे पिनकोडचं 403 जोडलं, तर म्हणे आकडे चालत नाहीत. मग पुंडलिक, घेतलेलं. शांतादुर्गा टाकायला हात होईना. विक्रमादित्य घेतलेलं, कालभैरव घेतलेलं, एवढे लोक मध्यरात्री करतात काय? चिडून 'बांगडो' टाकलं आणि हिरवी खूण आली. म्हणजे अख्ख्या पृथ्वीवर कोणाला बांगडो व्हायचं नव्हतं.

भाचा कानात होताच, हेडफोनवरून. "मामा, क्लास कोणता घेतोस?" मी म्हटलं पाचवी ब. तो हसला नाही. मग त्याने समजावलं की टँक म्हणजे पुढे उभं राहून मार खायचा, डीपीएस म्हणजे मारायचं आणि आकडे दाखवून मिरवायचं, आणि हीलर म्हणजे मागे उभं राहून सगळ्यांना जिवंत ठेवायचं, त्याचं कोणी नाव घेत नाही पण तो चुकला की सगळा दोष त्याचा. हे ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. हे तर प्रॉम्प्टिंग. मी हीलर झालो.

पहिलं काम आलं, दहा रानडुकरं मारायची. ज्या बाईने काम दिलं तिचा चेहरा लोड झाला नव्हता, हवेत नुसते दोन डोळे आणि दातांची कवळी, आणि ती कवळी अत्यंत मायेने बोलत होती. तिचा नवरा बाजूला दोन्ही हात आडवे पसरून शेतातल्या बुजगावण्यासारखा उभा. मी नमस्कार करून माळावर गेलो. तिथे किमान तीनशे माणसं डुकराची वाट बघत उभी! एक डुक्कर उगवायचं, तीनशे तलवारी पडायच्या, डुक्कर खलास, परत शांतता. माझा मंत्र पोचेपर्यंत तिथे डुकराचा फोटोसुद्धा उरलेला नसायचा. (आमच्या कुळागरात त्याच आठवड्यात खऱ्या डुकरांनी सुरण उकरून ठेवला होता. तीनशे जाऊदे, तिथे तीन माणसं कोणी देत नाही.)

भाचा ओरडत होता, "मामा, मॉब खेच, मॉब खेच!" मला वाटलं गर्दी हटवायला सांगतोय. नंतर वाचलं तर तो शब्द गर्दीचा नाहीच. 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी नुसत्या अक्षरांवर चालणारा मड नावाचा गेम केला, चित्र वगैरे काही नाही, त्यात इकडून तिकडे फिरणाऱ्या प्राण्यांना मोबाइल म्हणायचे, त्याचं झालं मॉब. पुढे याच बार्टलने खेळणाऱ्यांचे चार प्रकार पाडले, तेही पत्त्यांच्या रंगांवर : चौकट म्हणजे बक्षिसं जमवणारे, इस्पिक म्हणजे खणत शोधत फिरणारे, बदाम म्हणजे गप्पा मारायला आलेले, आणि किल्वर म्हणजे दुसऱ्याला मारण्यात मजा वाटणारे. भाचा शुद्ध किल्वर. मी शनिवार दुपारपर्यंत कुठल्याच रंगात बसत नव्हतो, बहुतेक खोक्यातला जोकर.

त्यात ते रबरबँड. दहा पावलं पुढे पळावं आणि अदृश्य हाताने आठ पावलं मागे ओढून ठेवावं. मी हिशोब केला. सर्व्हर सिंगापूरला, इथून साडेतीन हजार किलोमीटरच्या वर, काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन पस्तीसेक मिलिसेकंद कोणाच्या बापाला चुकत नाहीत. माझं पिंग, म्हणजे या जाण्यायेण्याला लागणारा वेळ, 240. वरचे दोनशे फणसाचे.

शनिवारी रात्री भाच्याने मला गुहेत नेलं. पाच जणांची टोळी, आम्ही दोघं आणि तीन अनोळखी, त्यातला टँक म्हणजे नुसता लोखंडाचा डोंगर, बिचारा विश्वासाने पुढे गेला. सुरुवातीला मी झकास सांभाळलं. आवाज नको, गडबड नको, ज्याचं रक्त उतरलं त्याच्यावर हळूच मंत्र, अगदी विंगेतून वाक्य सोडावं तसं. शेवटी मोठा राक्षस आला. दिवाळीच्या आदल्या रात्री आमच्या चौकात पोरं नरकासुर उभा करतात तेवढा उंच, पण हा हलत होता. टँकचं रक्त निम्म्यावर आलं. मी मंत्राच्या बटणावर बोट ठेवलं, बाहेर वीज कडाडली, आणि इन्व्हर्टरने पीं पीं करत मान टाकली.

अर्ध्या तासाने लाईट आली तेव्हा मी एकटा गुहेच्या तोंडाशी उभा होतो. चॅटमध्ये सतरा मेसेज. पहिले सहा 'हील'. मग 'हील प्लीज'. मग नुसतेच प्रश्नचिन्ह. मग टँकने लिहिलेलं, 'बांगडो इज डेड?' आणि शेवटचा भाच्याचा, मराठीत, तो इथे देत नाही, मामाला लिहायचं वाक्य नव्हतं ते.

खरं म्हणजे अशा तालमीत राजेसुद्धा मेलेत. 1997 च्या ऑगस्टमध्ये अल्टिमा ऑनलाइनचा बीटा चालू असताना गेमचा कर्ता रिचर्ड गॅरियट स्वतः लॉर्ड ब्रिटिश राजा बनून प्रजेला दर्शन द्यायला आला. राजाला मरणच येऊ नये अशी सोय होती, पण मध्ये सर्व्हर पडून परत उठला आणि ती सोय चालू करायची राहून गेली. गर्दीतल्या एकाने आगीचा मंत्र टाकला, महाराज जागच्या जागी आडवे. हे मी भाच्याला ऐकवलं. तो म्हणाला, "त्या राजाकडे निदान लाईट होती, मामा."

मग मी जरा बाजूलाच झालो. चुका कळवायचा फॉर्म होता, तो भरत बसलो. आमच्या नाटकात कोणाचं धोतर सुटतंय, कोणाचं वाक्य गळलं हे टिपायची सवय, त्यामुळे रविवारी दुपारपर्यंत मी एकतीस चुका लिहिल्या. डुक्कर झाडात अर्धं अडकलंय. बाईला चेहरा नाही. पुलावरून चालताना माणूस पुलातून खाली जातो आणि पडतच राहतो, मी चार मिनिटं पडत होतो, मध्ये पाणी पिऊन आलो. प्रत्येक वेळी उत्तर यायचं : आपला अभिप्राय मोलाचा आहे. एकतिसाव्याला माझ्या लक्षात आलं की हीच माणसं ही नोकरी पगार देऊन करून घेतात.

आणि त्या पुलाच्या खालीच मला तो धक्का सापडला. लाकडी धक्का, एक म्हातारा, त्याच्याकडे गळ. पाच नाण्यांना गळ घेतला आणि पाण्यात टाकला. इथे कोणी ओरडत नव्हतं. गळ हलला की बटण दाबायचं, बस्स. पहिला मासा आला तेव्हा मी खुर्चीत उडालो. तो पडद्यावर फडफडत होता, अगदी खवल्यांवर पाणी चमकत होतं, कल्ले उघडझाप करत होते. त्या सगळ्या जगात तेवढी एकच गोष्ट चेहऱ्यासकट नीट केली होती कोणीतरी. तो करणारा मासे खाणारा असणार, पैज लावतो.

बायको मागून आली, बघत राहिली. आमच्याकडे लिहिणं मराठीत असलं तरी माशांचं बोलणं कोकणीतच होतं, आणि मासे म्हणजे नुस्तें. "नुस्तें कितें मेळ्ळें?" मी म्हटलं ट्राउट. "म्हणजे गोड्या पाण्यातला," ती म्हणाली, आणि नाक मुरडून गेली. दहा मिनिटांनी परत आली. "हा जरा इसवणासारखा दिसतो." मग खुर्ची ओढून बसली. रात्री दहापर्यंत आम्ही दोघांनी मिळून चौसष्ट मासे काढले, ती कधी दाबायचं ते सांगायची आणि मी दाबायचो, म्हणजे प्रॉम्प्टिंग आता तिच्याकडे. जेवायला परत किसमूर होती.

भाच्याने फोन केला, "मामा, लेव्हल किती?" मी म्हटलं दोन, पण मासेमारी चौदा. पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नाही.

सोमवारी पहाटे साडेपाचला सगळं बंद होणार होतं आणि पुसलंही जाणार होतं, तलवारी, घोडे, नाणी, नावं, सगळं. खेळणारे म्हणे शेवटच्या तासाला राजधानीत जमले होते आणि कंपनीवाल्यांनी गंमत म्हणून एकदम पाच ड्रॅगन सोडले, भाचा तिथे मेला आणि खूष होता. मी धक्क्यावर. बाहेर पाऊस, आत पण पाऊस. वर लाल अक्षरात उलटी मोजणी चाललेली. दोन मिनिटं राहिली तेव्हा गळ असा खेचला गेला की तसा तीन दिवसांत खेचला गेला नव्हता, दोरी सरळ ताठ, बांगडो पार वाकलेला, मी बटण दाबतोय, दाबतोय, पाण्याखाली काहीतरी लांबच लांब रुपेरी वळलं, आणि पडदा काळा. या वेळी लाईट होती.

मी तसाच बसलो होतो. मग लांबून पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू आला, पों पों, सायकल आमच्याच उतारावर. छत्री घेऊन खाली गेलो, सहा उंडे घेतले. मागल्या दारात आई उभी.

"इतल्या बेगीन उठलो रे?"

"हो."

"आज तरी कितें नुस्तें मेळटा काय पळय बाजारांत."

मी सांगणार होतो तिला, केवढा होता ते.