प्रोसेसरचं शेपूट

जुना लॅपटॉप रखडायला लागला की शहाणी माणसं नवा घेतात आणि माझ्यासारखी प्रोसेसर शोधत बसतात. या वाटेला गर्दी नाही, कारण २०१५ नंतरच्या जवळपास सगळ्या लॅपटॉपांत प्रोसेसर बोर्डावर सोल्डर केलेला असतो. तसा तोही निघतो म्हणा, पण बोर्डासकट.

आपला लॅपटॉप २०११-१२ चा, म्हणजे इंटेलच्या सॅन्डी ब्रिज किंवा आयव्ही ब्रिज या प्रोसेसर-पिढ्यांतला असेल, तर आशेला जागा आहे. दोघांचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची खाच, एकच: जी२, नावात ९८८. त्याआधीच्या जी१ च्या नावातही ९८८ च असतं, पण पिनांची मांडणी वेगळी. २०१३ च्या हॅसवेल पिढीने तर जी३ असा वेगळाच संसार थाटला.

मग येतं शेपूट, म्हणजे नंबरामागची अक्षरं. आय७ हा वरच्या श्रेणीचा शब्द वाचून हुरळून जाणाऱ्यांचा घात तिथेच होतो. मागे 'यू' असेल तर तो सोल्डरचाच. 'एम' म्हणजे बहुधा सॉकेटवाला, दोन कोरचा, म्हणजे काम करणारे मेंदू दोन. 'क्यूएम' म्हणजे चार कोर. हॅसवेलमध्ये 'एमक्यू' निघतो आणि 'एचक्यू' निघत नाही. अक्षरांची ही अदलाबदल करणाऱ्याला नंतर कधी हसू आलं असेल का, कोण जाणे. बरं, आय५-३२१०एम सॉकेटमध्येही मिळतो आणि सोल्डरमध्येही, नाव तेच. म्हणून विकत घेताना पोटाचा फोटो मागावा. पिना दिसल्या तर घ्यावा, बारीक गोळ्या दिसल्या तर तो किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवायच्या लायकीचा. स्वतःच्या लॅपटॉपात काय आहे ते सीपीयू-झेड या फुकट प्रोग्रॅमच्या 'पॅकेज' या ओळीत कळतं.

आय७-३५२०एम हाही दोनच कोरचा. आय५-३२१०एमच्या २.५ गिगाहर्ट्झऐवजी २.९ चा वेग आणि ३ एमबीऐवजी ४ एमबी कॅश, म्हणजे प्रोसेसरची हाताशी असलेली स्मृती, एवढ्यासाठी स्क्रू सोडवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. चार कोर हवेत तर आय७-३६३२क्यूएम बघावा, कारण तो ३५ वॉटचा. ३६१०क्यूएम ४५ वॉटचा. पंखा आणि तांब्याची नळी ३५ वॉटांच्या हिशेबाने बसवलेली असली, की हा पाहुणा तापतो, वेग उतरवतो, आणि चौघे मिळून दोघांचं काम करतात.

बोर्डावरचा चिपसेट, म्हणजे प्रोसेसरची बाकीच्या भागांशी गाठ घालणारी चिप, एचएम७६ असेल तर तो दोन्ही पिढ्यांना सांभाळून घेतो. एचएम६५ वर आयव्ही ब्रिज बसवायचा तर नवं बायोस, म्हणजे बोर्डातलं लॅपटॉप सुरू करणारं सॉफ्टवेअर, लागतं, आणि ते टाकायचं जुना प्रोसेसर जागेवर असतानाच, बॅटरी आणि चार्जर दोन्ही लावून. आधी प्रोसेसर बदललात, तर पंखा फिरतो, पडदा काळा राहतो आणि घरातले 'झालं का?' विचारतात.

प्रत्यक्ष बसवणं त्यामानाने सोपं. बॅटरी काढायची, हीटसिंकचे, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाचे, स्क्रू थोडेथोडे, समोरासमोरचे ढिले करायचे. सॉकेटच्या कडेला चपट्या स्क्रूड्रायव्हरचा एक स्क्रू असतो, तो अर्धा फिरवला की प्रोसेसर सुटतो. नवा ठेवताना कोपऱ्यातला त्रिकोण जुळवायचा आणि हात मागे घ्यायचा. तो आपल्या वजनानेच आत बसतो. दाबावा लागला तर काहीतरी चुकलंय. लॅपटॉपच्या प्रोसेसरला वर धातूचं झाकण नसतं, चिप उघडीच असते, म्हणून हीटसिंक तिरका आवळला तर कोपऱ्याचा टवका उडतो. चिप आणि हीटसिंक यांच्यामधली जुनी उष्णतावाहक पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी गव्हाच्या दाण्याएवढी लावावी. दाढीच्या फेसासारखी थापायची नसते.

झाकण लागतं, लॅपटॉप सुरू होतो, चार कोर दिसतात, आणि ब्राउझर उघडायला तितकाच वेळ घेतो. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. टास्क मॅनेजर उघडावा तर प्रोसेसर ९ टक्क्यांवर जांभया देतोय आणि जुनी फिरती हार्ड डिस्क १०० टक्क्यांवर धापा टाकतेय. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसते. त्यासाठी तेच झाकण पुन्हा उघडायचं, पण आत स्क्रू फार तर चारच.