सर्बियात गेलं की जर्मनी खुली? साफ खोटं

आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘सर्बिया दोन वर्षांत युरोपियन युनियनमध्ये. अर्थव्यवस्था दुप्पट होणार! आत्ता व्हिसाशिवाय जा, वर्क परमिट काढा, मग जर्मनी आपोआप खुली.’ तो वाचून भाचा एजंटाला पैसे द्यायला बायकोचे दागिने गहाण ठेवायला निघालाय, म्हणून लिहितोय.

सगळ्यात घातक थाप जर्मनीची. युनियनमध्ये कुठेही काम करायची मुभा असते ती सदस्य देशाच्या नागरिकांना. सर्बियाचं वर्क परमिट खिशात असलं तरी भारतीय माणूस भारतीयच राहतो, जर्मनीत काम करायला त्याला जर्मनीचाच परवाना लागतो. नागरिकांनासुद्धा सगळं लगेच मिळत नाही. पोलंड 2004 मध्ये सदस्य झाला, पण जर्मनीने पोलिश कामगारांवरची बंधनं उठवली ती मे 2011 मध्ये. खुद्द पोलंडच्या माणसांना सात वर्षं ताटकळत ठेवलं, तिथे सांगलीच्या पोराला ‘आपोआप’ कोण घेणार?

‘दोन वर्षांत’ म्हणे! सर्बिया 2012 पासून उमेदवार आहे, बोलणी 2014 पासून चालू आहेत. बोलणीच्या 35 प्रकरणांपैकी (म्हणजे विषयांपैकी) 22 उघडली आणि डिसेंबर 2021 नंतर गाडी जवळपास ठप्प. कोसोवोचा तिढा (सर्बियापासून वेगळं झालेल्या या प्रदेशाला सर्बिया देश मानत नाही) तसाच आहे, आणि प्रवेशाला प्रत्येक सदस्य देशाचा होकार लागतो.

‘दुप्पट’ मात्र अगदीच हवेतलं नाही, हे मान्य करावं लागतं. युनियनचा कारभार बघणाऱ्या युरोपीय आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये पश्चिम बाल्कनसाठी, म्हणजे सर्बिया आणि आसपासच्या देशांसाठी, 6 अब्ज युरोची योजना मांडली, तेव्हा तिथल्या अर्थव्यवस्था दहा वर्षांत दुप्पट होऊ शकतात असं म्हटलं होतं. पण हे पैसे सहा देशांत मिळून आहेत, त्यातले 4 अब्ज कर्जाचे, आणि हप्ता सुटतो तो सुधारणा झाल्यावरच. मेसेजमधून दहा वर्षंही गायब आणि ‘होऊ शकतात’ही.

शिवाय सदस्यत्व मिळालं म्हणून माणसं देशात टिकतातच असं नाही. बल्गेरिया 2007 मध्ये आत गेला. 2011 च्या जनगणनेत तिथे सुमारे 73 लाख लोक होते, 2021 मध्ये 65 लाख. सर्बियाचीही लोकसंख्या घटतेय, तरुण बाहेर पडताहेत. म्हणून तिथे बांधकामावर परदेशी मजूर लागतात. काम आहे, ते मी नाकारत नाही.

आणि व्हिसाशिवाय? ती सवलत 1 जानेवारी 2023 लाच बंद झाली.

भाच्या, एजंटाकडे आधी दोन कागद माग: मालकाचं नाव आणि पगार लिहिलेला करार, आणि परराष्ट्र मंत्रालयाकडचं त्याचं नोंदणीपत्र. त्यावरचा नंबर ई-मायग्रेटच्या, म्हणजे परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी साइटवर स्वतः तपास. तोवर दागिने कपाटातच राहू देत.