तो ‘मूर्खपणाचा सुळका’ मूळ निबंधात नाहीच

सोसायटीचा, शाळासोबत्यांचा, नातेवाइकांचा, अशा तिन्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर तो आलेख येऊन गेला. सुरुवातीलाच आत्मविश्वासाचा सुळका, मग दरी, मग हळूहळू चढण. खाली मजकूर : ‘डनिंग-क्रुगर परिणाम. ज्याला सगळ्यात कमी कळतं त्याचा आत्मविश्वास सगळ्यात जास्त, कारण आपल्याला कळत नाही हे कळण्याइतकाही त्याचा मेंदू चालत नाही.’ उथळ पाण्याला खळखळाट फार, हे आपण लहानपणीच ऐकलेलं. मग तपासतंय कोण?

‘आत्मविश्वास सगळ्यात जास्त’ : हे नाव ज्यांच्यावरून पडलं त्या जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग या मानसशास्त्रज्ञांच्या १९९९च्या मूळ निबंधात असा सुळका नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या तर्कचाचणीत तळाचा पाव गट प्रत्यक्षात होता १२व्या पर्सेंटाइलला, म्हणजे शंभरातल्या साधारण बारा जणांच्याच पुढे. स्वतःच्या अंदाजाने ६२व्या. वरचा गट ८६व्या, अंदाज ६८चा. तळाच्यांनी स्वतःला फुगवलं खरं, पण वरच्यांहून वर नाही चढवलं.

‘कारण मेंदू चालत नाही’ : खरी गोम इथे आहे. दोन डब्यांत ० ते १०० आकड्यांच्या चिठ्ठ्या टाका. प्रत्येकाच्या नावापुढे एका डब्यातून गुण काढा, दुसऱ्यातून ‘अंदाज’. आता गुणांप्रमाणे चार गट करा. चारही गटांच्या अंदाजाची सरासरी पन्नासच्या आसपास येईल. तळाचे बढाईखोर ठरतील, वरचे विनयशील. चिठ्ठ्यांना कसला आलाय अहंकार! त्यात ‘मी चारचौघांपेक्षा बराच’ ही सार्वत्रिक समजूत मिसळली की रेष साठीत सरकते आणि जवळपास १९९९च्या निबंधातल्यासारखाच आलेख हाती येतो.

मग सगळा आकड्यांचाच खेळ? तसंही नाही. २०२१मध्ये जॅनसेन, रॅफर्टी आणि ग्रिफिथ्स या संशोधकांनी हजारो लोकांची उत्तरं गणिती प्रारूपात घालून पाहिली. आपलं कुठलं उत्तर बरोबर आलं हे ओळखण्यात कमी गुणांचे लोक काहीसे कच्चे निघाले. म्हणजे फरक आहे, सुळका नाही.

राहता राहिला मेंदू. २०१०मध्ये स्टीफन फ्लेमिंग आणि सहकाऱ्यांनी ३२ जणांना पडद्यावर दोनदा ठिपके दाखवले आणि दोनपैकी कुठल्या वेळी एक ठिपका जास्त उठून दिसला, हे विचारलं. शिवाय प्रत्येक उत्तराची किती खात्री, तेही. ती खात्री कुणाची खरी ठरते, याचा संबंध मेंदूच्या अगदी पुढच्या भागातल्या करड्या द्रव्याशी (चेतापेशी दाटलेल्या भागाशी) दिसला. पण त्या ३२ जणांत कुणी ‘ढ’ नव्हतंच. प्रत्येकाची सुमारे ७१ टक्के उत्तरं बरोबर यावीत, असेच प्रश्न ज्याच्या त्याच्या मापाने बेतले होते. त्यामुळे ‘कमी कळतं त्याचा मेंदू चालत नाही’ याला इथूनही पुरावा मिळत नाही.