पॉलिग्राफचे ‘98 टक्के’ येतात कुठून?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘लाय डिटेक्टरचे गुण आता कॉम्प्युटर देतो, निकाल 98 टक्के अचूक. कंपनीत चोरी झाली की सगळ्यांना मशीनवर बसवा. निर्दोष माणूस घाबरेल कशाला?’

मुळात हे मशीन, म्हणजे पॉलिग्राफ, खोटं पकडतच नाही. श्वास, रक्तदाब, नाडी आणि बोटांवरचा घाम एवढंच ते नोंदवतं. ‘कपाटातले पैसे तू घेतलेस का?’ या प्रश्नावरची प्रतिक्रिया ‘आजवर कधी कुणाची वस्तू न विचारता घेतलीस का?’ अशा प्रश्नाशी ताडून उणे 3 ते अधिक 3 गुण देतात: चोरीच्या प्रश्नावर प्रतिक्रिया जास्त तर उणे, दुसऱ्यावर जास्त तर अधिक. प्रचलित पद्धतीत बेरीज अधिक 6 झाली तर खरा, उणे 6 झाली तर खोटा. मधले सगळे अनिर्णित, आणि अचूकतेच्या टक्केवारीत हे अनिर्णित बऱ्याचदा धरलेच जात नाहीत. समजा, 100 चाचण्यांत 72 बरोबर, 8 चूक, 20 अनिर्णित. जाहिरातीत हे 90 टक्के होतात.

कॉम्प्युटर आला म्हणून मशीनने नोंदवलेला श्वास-नाडीचा आलेख बदलत नाही. बेरीज तेवढी दर वेळी सारखी येते.

खरी गोम पुढे आहे. प्रत्यक्ष गुन्ह्यांवरच्या अभ्यासांत निकाल बरोबर होता की नाही, हे बहुतेकदा कबुलीवरून ठरवतात. पण कबुलीसाठी दबाव येतो तो नापास झालेल्यावर. चोर पास झाला तर त्याला कुणी पुन्हा विचारत नाही. निर्दोष नापास झाला आणि ठाम राहिला, तर ते प्रकरण अभ्यासात येतच नाही. म्हणजे चुकाच गाळल्या जातात! अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2003 मध्ये सगळे अभ्यास तपासून निष्कर्ष काढला: नुसत्या अंदाजापेक्षा बरंच चांगलं, पण अचूकतेपासून बरंच दूर. सोव्हिएत संघाला गुपितं विकणारा अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स 1986 आणि 1991 मध्ये ही चाचणी पास झाला होता.

बरं, 98 टक्के खरे धरू. 1000 कामगारांत 10 चोर. ते जवळपास सगळे सापडतील. पण 990 निर्दोषांपैकी 2 टक्के, म्हणजे सुमारे 20 जण, त्यांच्यासोबत नापास होतील. 30 नापासांत 20 निर्दोष! आणि ते घाबरतील कशाला म्हणता? घरचा हप्ता ज्या पगारावर चालतो तो जाणार म्हटल्यावर कुणाच्या हाताला घाम सुटणार नाही?

सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या सेल्वी खटल्यात सांगितलंय की पोलिसांनाही ही चाचणी जबरदस्तीने करता येत नाही, आणि संमतीने केली तरी तिचा निकाल पुरावा म्हणून चालत नाही. उद्या कुणी संमतीचा कागद पुढे सरकवला, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.