आपण गेलो असतो तर...

गाण्याची स्पर्धा पाहताना ज्याला गाता येत नाही, त्याला आपली पात्रता बहुधा ठाऊक असते. नाचाची स्पर्धा पाहताना गुडघे ती जाणीव करून देतात. परंतु ज्या कार्यक्रमात काही चमू कोड्यांमागून कोडी सोडवत खजिन्याच्या दिशेने धावत असतात, तो पाहताना प्रेक्षकाला आवर घालणारे काहीच उरत नाही. कारण तेथे लागते ती बुद्धी, आणि ती आपल्यापाशी कमी आहे असे मानणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. शिवाय कोडे स्पर्धकाच्या हाती पडते, त्याच क्षणी ते पडद्यावरून आपल्याही हाती पडते. त्यामुळे आपण नुसते प्रेक्षक राहत नाही. निमंत्रण नसताना स्पर्धेत उतरलेला आणखी एक चमू होतो. आमच्या घरचा हा चमू चौघांचा आहे आणि एखाद्या उत्तरावर त्या चौघांचे एकमत झाल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

पत्नीला चिठ्ठी शेवटच्या शब्दापर्यंत वाचल्याशिवाय विचार करणे मान्य नाही, म्हणून चिठ्ठी दिसली की कार्यक्रम थांबवावा लागतो. चिरंजीवांना विचार करणेच मान्य नाही. ते हातातल्या मोबाइलवर उत्तर शोधतात आणि ते आपल्याला आधीपासून माहीत असल्यासारखा चेहरा करतात. माझे मामा आयुष्यभर हिशेबतपासनीस होते. चूक नेहमी समोरच्याच्या कागदात असते, या श्रद्धेवर त्यांनी निवृत्तीपर्यंतची सगळी वर्षे काढली असल्यामुळे स्पर्धकांचे उत्तर बरोबर आले, तर मामांना कोड्यातच खोट दिसते. माझ्याकडे रिमोट असतो. हे अधिकाराचे पद आहे असा बाहेर समज आहे. प्रत्यक्षात ‘थांबवा’, ‘मागे घ्या’ आणि ‘अरे, आता चालू कर की’ या तीन आज्ञा तीन दिशांनी एकाच वेळी झेलण्याची ती हमाली आहे.

मामांना या प्रकाराची गोडी लागली ती एका जुन्या ब्रिटिश कार्यक्रमामुळे. झाक आंत्वान या फ्रेंच निर्मात्याने १९८१ मध्ये आपल्या देशात खजिनाशोधाचा एक कार्यक्रम सुरू केला होता. त्याचेच इंग्रजी रूप ‘ट्रेझर हंट’ या नावाने १९८२ च्या अखेरीस चॅनेल फोरवर आले. त्यात दोन स्पर्धक स्टुडिओत नकाशे आणि संदर्भग्रंथ पसरून बसत. बाहेर अ‍ॅनिका राइस ही निवेदिका हेलिकॉप्टरने उडत असे, शेतांतून धावत असे, भिंती चढत असे आणि अनोळखी माणसांना धापा टाकत प्रश्न विचारत असे. बसलेल्यांना ती दिसत नसे, फक्त तिचा आवाज ऐकू येई. आणि त्या आवाजाच्या आधारे ‘आता डावीकडे वळा, चर्चच्या मागे बघा’ अशा सूचना देत पंचेचाळीस मिनिटांत पाच कोड्यांचा निकाल लावायचा. जिंकल्यास एक हजार पौंड मिळत. एकाने खुर्चीत बसून सांगायचे आणि दुसऱ्याने धावायचे, ही श्रमविभागणी मामांना इतकी शास्त्रशुद्ध वाटली, की त्यानंतरच्या कोणत्याही स्पर्धेत स्पर्धक स्वतः धावू लागला की ते त्याला अडाणी समजतात. चष्मा, पाण्याचा तांब्या आणि वर्तमानपत्र यांच्या बाबतीत ही पद्धत ते आमच्या घरात फार पूर्वीपासून राबवत आले आहेत, ही गोष्ट वेगळी.

आंत्वान यांनीच पुढे १९९० मध्ये ‘फोर्ट बोयार’ काढला. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याजवळ समुद्रात एक अंडाकृती दगडी किल्ला उभा आहे. त्यात कोंडून घेऊन किल्ल्या मिळवायच्या, संकेतशब्द ओळखायचा आणि तो जमिनीवरच्या अक्षरांवर स्वतः उभे राहून लिहायचा, म्हणजे सोन्याची नाणी कोसळतात. मनोऱ्यात एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा बसलेला असतो. तो कोडे घालतो आणि उत्तर चुकले की किल्ली सरळ समुद्रात भिरकावतो. आमच्या घरात हा म्हातारा सर्वांना आवडतो, कारण चुकलेल्या माणसाशी तो वाद घालत बसत नाही.

खरा घात केला तो ‘द अमेझिंग रेस’ने. अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर ही स्पर्धा सप्टेंबर २००१ मध्ये सुरू झाली. दोघादोघांच्या जोड्या, हातात चिठ्ठी, सबंध पृथ्वीची वाट आणि शेवटी दहा लाख डॉलर. येथे पेटीत पुरलेला खजिना नाही, पण सोने असो वा डॉलर, हाव तीच आणि घाम तोच. या जोड्यांना जी हरवते ती दुसरी जोडी नसते, तर स्वतःच्या हातातली चिठ्ठी. चिठ्ठीत स्वच्छ लिहिलेले असते, की पुढच्या ठिकाणी पायी जा. आणि ती वाचून घडी होण्याआधीच ही माणसे टॅक्सीत बसलेली असतात. मग मुक्कामाच्या चटईजवळ पोहोचल्यावर त्यांना सांगण्यात येते, की तुम्ही आला आहात खरे, परंतु नियम मोडल्याबद्दल तीस मिनिटे आणि टॅक्सीने वाचवलेला वेळ असा एकत्रित दंड भोगून मगच आत या. त्या अर्ध्या तासात मागची जोडी पुढे निघून जाते. पत्नीला हा प्रसंग इतका प्रिय आहे, की तो आला की ती पडद्याकडे न पाहता माझ्याकडे पाहते.

याच क्षणी ते वाक्य उच्चारले जाते. ‘आपण गेलो असतो तर...’ या चार शब्दांच्या साध्या रांगेत जेवढी स्फोटक शक्ती आहे, तेवढी संसारातल्या दुसऱ्या कोणत्याही वाक्यात नसावी. कारण या स्पर्धेत ‘रोडब्लॉक’ नावाचा एक टप्पा असतो. त्यातले काम जोडीतील एकानेच करायचे असते, परंतु काम काय आहे हे कळण्याआधी, केवळ एका गूढ ओळीवरून, ते कोणी करायचे हे ठरवावे लागते. आणि एकदा ठरले की माघार नाही. एका भागात अशी ओळ आली असता पत्नी शांतपणे म्हणाली, ‘‘तुम्ही मलाच पुढे केले असते.’’

‘‘मी कशाला करीन?’’ मी म्हणालो.

‘‘कोणाचा तोल चांगला आहे, असे विचारले असते तर तुम्ही म्हणाला असता, हिचा. आणि निघाले असते दोन इमारतींमध्ये बांधलेल्या दोरीवरून चालण्याचे काम.’’

त्या दोरीवरून मी स्वतः चाललो असतो, असे मी सांगितले. त्यावर मला उंचीचे भय असल्याचे साक्षीपुराव्यासह सिद्ध करण्यात आले. मग तू तरी चालली असतीस का, या माझ्या प्रश्नावर ‘म्हणजे शेवटी मलाच!’ असे उत्तर मिळाले, आणि ज्या शहरात आम्ही गेलो नव्हतो, तेथील ज्या इमारतींना कोणी दोरी बांधली नव्हती, त्या दोरीवरून आम्हा दोघांचे बोलणे पुढच्या भागापर्यंत तुटले. दरम्यान पडद्यावरच्या जोडीने ते काम हसतखेळत उरकले होते. त्यात दोरी नव्हतीच.

मामांचा आक्षेप वेगळ्या जागी आहे. रात्रभर जिवाचे रान करून एक जोडी पहिल्या क्रमांकाने एखाद्या जागी पोहोचते आणि पाहते तो फाटकावर पाटी : सकाळी उघडेल. मागून डुलत आलेल्या जोड्याही तेथेच पथारी पसरतात, सकाळी फाटक सर्वांना एकदमच उघडते आणि कित्येक तासांची आघाडी शून्यावर येते. विमानतळावरही हेच, पुष्कळदा सगळे एकाच विमानात शेजारी-शेजारी बसलेले असतात. ‘‘मग रात्रभर धावला कशाला?’’ असे मामा पडद्याला विचारतात. त्यांच्या मते ही थेट हिशेबातली अफरातफर आहे. कधीकधी सर्वांत शेवटी आलेल्या जोडीलाही ‘हा फेरा बाद होण्याचा नव्हता’ असे सांगून खेळात ठेवले जाते, त्या दिवशी तर मामा जेवण होईपर्यंत कोणाशी बोलत नाहीत. मला स्वतःला यात निर्मात्यांचे चातुर्य दिसते. पुढची जोडी दिवसभराने पुढे असेल तर संकलकाने कितीही कात्री चालवली, तरी चुरस कुठून आणायची? पण हे मत मी घरात मांडत नाही.

मामांना न्याय मिळाला असे एकदाच वाटले होते. २००६ मध्ये एनबीसी वाहिनीने ‘ट्रेझर हंटर्स’ नावाची स्पर्धा आणली होती. अमेरिकेच्या इतिहासात दडलेली कोडी, त्यांतून खजिन्याचा माग, आणि मुख्य म्हणजे तिघातिघांचे दहा चमू. तिघांचा चमू असतो हे कळताच मामांनी खुर्ची पुढे ओढली, कारण दोघे धावणारे आणि एक सांगणारा ही त्यांच्या मनातली आदर्श घटना प्रथमच प्रत्यक्षात आली होती. चिरंजीवांनी तेवढ्यात मोबाइलमधून वाचून दाखवले, की तो कार्यक्रम एकाच हंगामात बंद पडला आणि ‘जीनियस’ म्हणवणारा चमू जिंकला. शेवट असा फुटल्यावर दुसरा कोणी हळहळला असता. मामा म्हणाले, ‘‘नावावरूनच कळत होते.’’ आणि पुढचे सगळे भाग त्यांनी ‘बघ, मी म्हटले होते’ या एकाच वाक्यावर पाहिले.

अलीकडे चिरंजीवांना नवीन कल्पना सुचली आहे. अशा स्पर्धांत इच्छुक जोड्यांनी आपली चित्रफीत पाठवायची असते. तेव्हा आई-बाबांचीही एक काढून पाहू, पाठवली नाही तरी चालेल. आम्ही दोघे कोचावर बसलो. कोणी आधी बोलायचे, यावरून थोडी चर्चा झाली. ती चर्चा वाढली, तिच्यात नकाशा कोणाच्या हाती असावा हा मुद्दा आला, त्यातून पूर्वी एकदा चुकलेले वळण आले आणि अखेरीस ती दोरीही आली. आपल्याला सुरुवात करायला केव्हा सांगणार, असे आम्ही विचारले, तेव्हा चिरंजीव म्हणाले, की चित्रीकरण केव्हाच पूर्ण झाले आहे आणि निर्मात्यांना नेमके हेच हवे असते.

मामा हे सर्व पाहत होते. आपले नाव अर्जात कोठे लिहिणार, असे त्यांनी विचारले. जोडीत दोघेच असतात, तिसऱ्याला जागा नाही, हा नियम त्यांना दोनदा वाचून दाखवण्यात आला. त्यांनी चष्मा पुसला, खुर्चीत नीट मागे टेकून बसले आणि म्हणाले, ‘‘मग तुम्ही धावा. मी इथून सांगतो.’’