पंधराशेच्या आतला डाव

गेल्या रविवारी रात्री माझी अकरा वर्षांची पुतणी मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी १५०० च्या आतील रेटिंगसाठी (रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा, निकालांनुसार बदलणारा आकडा) ठेवलेली एक ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धा खेळत होती. तिचे रेटिंग १३८० आहे. चौथ्या फेरीत समोरच्याने घोड्याचा बळी देऊन तिला बावीस चालींत मात केली. डाव संपल्यावर मी त्या खात्याचे जुने डाव उघडून पाहिले. महिन्यापूर्वी त्याचे रेटिंग १९०० च्या वर होते आणि त्यानंतर दोन दिवसांत त्याने साठ-सत्तर डाव तिसऱ्या किंवा चौथ्या चालीलाच सोडून दिले होते, म्हणजे मुद्दाम हरून रेटिंग १५०० च्या आत आणले होते.

हे केवळ चलाखीचे नव्हे, तर लबाडीचे काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात वस्ताद वजन, वय आणि तयारी पाहून जोड लावतात, म्हणूनच काटाजोड कुस्तीला माणसे तासन्‌तास बसून राहतात. तयार पैलवानाने नवख्या पोराला चितपट करून इनाम नेले, तर कोल्हापूरचा प्रेक्षक ते खपवून घेणार नाही. रेटिंगची मर्यादा म्हणजे तशीच लावलेली जोड होय. एलो या रेटिंग मोजण्याच्या पद्धतीच्या हिशेबाने रेटिंगमध्ये २०० चा फरक असेल तर वरच्या खेळाडूला शंभर डावांत (विजयाला एक, बरोबरीला अर्धा गुण धरून) सुमारे ७६ गुण मिळणे अपेक्षित असते, तर ४०० च्या फरकात सुमारे ९१. एवढ्या अंतरावर खालच्या खेळाडूने कितीही तयारी केली तरी त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. शिवाय ज्यांना ते साठ-सत्तर डाव फुकट मिळाले, त्यांचेही रेटिंग खोटे फुगले, हे आपण विसरतो.

मात्र हरवणारा प्रत्येक जण लबाड नसतो. झपाट्याने शिकणाऱ्या मुलाचे रेटिंग त्याच्या खेळाच्या मागे राहते, आणि अशा मुलावर चॅटमध्ये आरोप करणे हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे. पुतणी रागाने काही लिहायला निघाली होती, तेव्हा मी तिला थांबवले. तिने ‘गुड गेम’ एवढेच लिहिले आणि तक्रार मी साइटकडे स्वतंत्रपणे नोंदवली.

आयोजकांनीही थोडे कष्ट घ्यायला हवेत. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर नवे खाते १५०० पासून सुरू होते, त्यामुळे त्या आकड्यावरून खेळाडूची ताकद मुळीच कळत नाही. किमान किती रेटेड डाव (ज्यांच्या निकालाने रेटिंग बदलते असे डाव) झालेले हवेत, ही अट तिथे घालता येते, तरी ती अनेकदा घातली जात नाही.

पुढच्या महिन्यात पेठेतल्या मुलांसाठी आम्ही १५०० च्या आतील स्पर्धा घेत आहोत. तिच्यात किमान ५० रेटेड डावांची अट राहील, मागील सहा महिन्यांतले सर्वोच्च रेटिंग धरले जाईल, आणि ज्यांची दोन खाती आहेत त्यांनी वरच्या रेटिंगचे खाते नाव नोंदवतानाच कळवावे, ही विनंती.